पोखऱ्यापेक्षा आपलं चिखलदरा उंच

नेपाळ सहलीच्या चर्चेत एकांनी लिहिलं की नेपाळ म्हणजे हिमालय, तिथे म्हाताऱ्या माणसांना धाप लागते, नेऊ नका. हे काही पटलं नाही बुवा. तिथलं पोखरा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ८२० मीटरवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहूनही खाली! काठमांडू १४०० च्या आसपास. बर्फ दिसतो तो समोरच्या डोंगरावर, आपण उभे असतो केळीच्या झाडाखाली. आमची आई पंच्याहत्तरीची, आर्वीकडची, जन्म पऱ्हाटी वेचण्यात गेला. पोखऱ्यातल्या फेवा तलावाकाठी लुगड्याचा पदर खोचून फिरली, दुपारी तर "ऊन लागते बापू" म्हणे. थंडी वाजली ती फक्त पहाटे सारंगकोटच्या टेकडीवर, समोरच्या माछापुच्छ्रे शिखरावर ऊन पडायची वाट पाहताना.

खरी गोची कोणी लिहिलीच नाही, ती घड्याळाची. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. मोबाइल आपोआप बदलतो, पण बाबांचं मनगटी घड्याळ थोडंच बदलतं! काठमांडूहून पोखऱ्याची बस सातची. बाबांच्या घड्याळात पावणेसातला दहा कमी, म्हणून निवांत चहा घेतला. पोचलो तर बस गेलेली. तिकिटाचे पैसे बुडाले, अन् बाबा अजूनही म्हणतात, नेपाळवाल्यांचंच घड्याळ चुकीचं.