अनुभव धागा : खरी कमाईचं कार्ड

माळा आवरताना स्काउटचा स्कार्फ सापडला. घडीत खरी कमाईचं पिवळं पडलेलं कार्ड. (खरी कमाई म्हणजे स्काउट-गाइडनी लोकांची लहानसहान कामं करून पैसे मिळवायचे आणि कार्डावर नोंद-सही घ्यायची.) शेवटची नोंद : 'सायकल पुसली, २५ पैसे', खाली तळमजल्यावरच्या काकांची सही. सायकल मी पुसलीच नव्हती. आईने दिलेला फराळाचा डबा पोचवला, काका म्हणाले, "आण तुझं कार्ड." चाळीस वर्षांनी कबुली देतोय. तर स्काउट-गाइड, कब-बुलबुल, सेवादल, शाळेतलं वर्कशॉप, काहीही चालेल. पुस्तक मिटून हाताने काय शिकलात ते लिहा. 'शिस्त लागली' एवढ्यावर कुणाला सोडणार नाही.

मिरजहून

बिनभांड्याचा स्वयंपाक! आठवीत, मेळाव्यात, मी संघनायक. बेत असा : ओल्या मातीत लिंपलेले बटाटे, कोरलेल्या कांद्यात अंडं आणि काठीला कणीक गुंडाळून भाजलेली पोळी, जिला पोळी म्हणायला धाडस लागे. लाकडं दमट. फुंकून फुंकून एकदाचा जाळ झाला आणि आम्ही लगेच सगळं आत ढकललं. परीक्षक आले तेव्हा बटाटा वरून कोळसा, आत कच्चा, आणि अंडं राखेत. शेजारच्या संघाने जाळ बसू दिला होता. निखाऱ्यांवर राखेचा थर आला तेव्हा कुठे त्यांनी बटाटे पुरले. त्यांची माती भाजून कडक झालेली. दगडाने टिचकावली की सालासकट सुटून यायची. आत पांढराशुभ्र, वाफाळता बटाटा. मीठ मात्र दोन्ही संघ विसरले होते. आजही हुरड्याला कुणी ज्वाळेवर कणसं धरली की मी ती हातातून काढून घेतो. बायको म्हणते, याच्यातला संघनायक काही निवृत्त होत नाही.

एक गाइड, तृतीय सोपान पास

रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड, बोलाइन, सगळ्या गाठी डोळे मिटून यायच्या. रीफ नॉट बँडेजला का, तर ती सपाट बसते, जखमीला टोचत नाही. बोलाइनचा फास आवळत नाही, म्हणून माणूस वर ओढायला ती. गेल्या वर्षी घर बदललं. मोठ्या तोऱ्यात टेम्पोवर कपाट बांधायला गेले. टेम्पोवाल्या दादांनी माझी गाठ पाहिली, काही बोलले नाहीत, सोडली, आणि दोरीला एक पीळ देऊन अशी ताणली की कपाट गाडीचाच भाग वाटावं. नाव विचारलं तर म्हणाले, "गाठीला कसलं नाव, ताई?" पुन्हा बांधायला लावून शिकून घेतली.

नाव नको

आमच्या शाळेत खरी कमाई म्हणजे प्रत्येकी वीस रुपये, घरून. आईने डब्याच्या कप्प्यात घालून दिले. लॉगबुक आदल्या रात्री एकमेकांचं बघून. तंबूबाहेरचा चपलांचा स्टँड सरांनीच बांधला, आम्ही फोटोपुरते काठ्या धरून उभे. बक्षीस मिळालं. अजून राग आहे.

शिरूर तालुका

स्काउट नाही, पण जवळचंच. आमच्या हायस्कुलात आयबीटी, म्हणजे 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी' होतं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथून निघालेला विषय. आठवड्यातला एक दिवस वर्ग बंद : वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, रक्तगट तपासणं. गावातली खरीखुरी कामं घ्यायची आणि त्यांचे पैसे लावायचे. माझं पहिलं काम एका आजींच्या गोठ्याचं फाटक. वेल्डिंग बरं झालं, फसलो कॉस्टिंगमध्ये. पत्रा, अँगल, रॉड धरले. वीज आणि मजुरी राहिली. निदेशक म्हणाले, "म्हणजे तू फुकट आहेस." आजींनी ठरल्यापेक्षा पाच रुपये जास्त दिले, आणि बिजागरी करकरते म्हणून दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. आता माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. कोटेशनमध्ये मजुरीची ओळ मी आधी लिहितो.

डोंबिवली, सध्या आयोवा

इथे फोर-एच नावाचे क्लब असतात. चिन्ह चार पानांचं हिरवं क्लोव्हर. डोकं, हृदय, हात, आरोग्य हे चार 'एच'. सुरुवात १९०२ ची, ओहायोतल्या मुलांच्या मका-भाजीपाला क्लबांपासून. शेतकरी नव्या पद्धतींना दाद देत नव्हते. पोरांनी लावून दाखवलं की बाप बघायला यायचे. आजही हे विद्यापीठांच्या विस्तार विभागामार्फतच चालतं.

लेक अकरा वर्षांची, तिने बोकड घेतला. आम्ही शाकाहारी. 'मार्केट' गटात नाव घातलं की शेवटी तो कुठे जातो, हे तिला आधी स्पष्ट सांगितलं. "माहितीये," म्हणाली. मैत्रिणीच्या फार्मवर ठेवला. शाळेआधी खुराक, पाणी, वजन, आणि नोंदवहीत प्रत्येक पोत्याचा खर्च. थंडीत बादलीतला बर्फ फोडताना हातमोजे ओले झाले की रडायची, पण वजन टिपल्याशिवाय गाडीत बसायची नाही.

जुलैत काउंटी फेअर. परीक्षकाने त्याची पाठ चाचपली, तिला विचारलं, खुराक काय, किती? न अडखळता सांगितलं. निळी फीत मिळाली. मग लिलाव. ट्रकपर्यंत दावं तिनेच धरलं. मी तिकडे बघूच शकले नाही.

घरी येऊन खरेदीदाराला आभाराचं पत्र लिहायचं, हाही कामाचाच भाग. तीन कागद फाडले. हिशेबात ४१ डॉलर नफा निघाला. मी म्हटलं, पेट्रोल माझं होतं. तिने वही उघडून पेट्रोल लिहिलं. नफा गेला.

शिरूर तालुका

ताई, मजुरी धरली का?

डोंबिवली, सध्या आयोवा

नाही हो! आत्ता विचारलं, तर म्हणाली पुढच्या वर्षी धरीन. यंदा दोन करडं आहेत. नावं द्यायची नाहीत असं ठरलंय. पण काल फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "चिकू आज काहीच खात नाहीये."