तालुक्यातल्या स्वतंत्र पत्रकाराला शोध पत्रकारितेची फेलोशिप भेटते का? कुठं आणि कशी?

सीमेवरचा_बातमीदार:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या तालुक्यात बातमीदारी करतो. आधी एका पेपरचा तालुका प्रतिनिधी होतो. पगार नव्हता, जाहिरातीवर कमिशन होतं, म्हणजे १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आन् वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी ज्या ठेकेदाराकडून जाहिरात आणाची त्याच ठेकेदाराच्या कामाची बातमी कशी लिवाची, दरवेळी हेच. म्हणून ते सोडलं आन् आता जमेल तिथं स्वतंत्र लिहून राहिलो.

विषय असा आहे की आमच्याकडं बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड आहे, हे काही नवीन नाही. त्याच्यामुळं कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, लहान लहान पोरांचे दात पिवळे-तपकिरी आणि चाळिशीतल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही. फ्लोराईड काढाचे युनिट काही गावात बसवले होते, त्यातले मी पाहिलेले बरेच बंद आहेत. एका पोडावर तर त्या खोलीत पऱ्हाटी भरून ठेवलेली, कुलूप गंजलेलं, पण खिडकीतून पाहिलं तर भिंतीवर देखभालीचा तक्ता टांगलेला आन् त्याच्यावर मागच्या महिन्यापर्यंतच्या सह्या. मले हे मुळापासून काढाचं आहे, पैसा कोणाच्या नावानं निघाला, काम कोणी पाहिलं, सगळं. याला महिने लागतात आणि तेवढे दिवस घर कसं चालवाचं हा प्रश्न आहे. अशा कामाला फेलोशिप कोण देते, इंग्रजी कामापुरतीच येते तरी चालते का, आणि विदेशातला पैसा घेतला तर काही लफडं होते का? माहिती असन त्यानं सांगजा.

वर्धा_रोड:
भाऊ, पहिले सह्यांच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. तुमच्या अर्जाचा जीव त्याच्यातच आहे.

फेलोशिपच्या अर्जात लोक 'विदर्भातील पाणीप्रश्न' असं लिहून पाठवतात आणि तो बाजूला पडतो, कारण तो विषय झाला, बातमी नाही झाली. तुमच्याकडं बातमी आहे: युनिट बंद आहे आणि कागदावर देखभाल चालू आहे. आता हे एका पोडाचं आहे की तालुकाभर असंच आहे, एवढं अर्जाच्या आधी थोडंफार दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी माहिती अधिकार. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं सगळं एकात कोंबू नका. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देखभालीची देयकं, पाणी तपासणीचे अहवाल. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि नुसत्या झेरॉक्स मागण्यापेक्षा अवलोकन मागा, पहिला तास फुकट असते, समोर फाईल उघडून बसलं की न मागितलेले कागदही दिसतात. त्याच कायद्यात साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कही आहे, तो आपल्याकडं कोणी वापरतच नाही.

डेस्कवरची_ताई:
दादा, संस्थांचं सांगते. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलं, ग्रामीण भागाचंच काम आहे, मराठीतही छापतात आणि लिहिणाऱ्याला त्याच्या भाषेत लिहू देतात, म्हणून तुमच्यासाठी मी हे पहिलं धरीन. साईनाथ स्वतः १९९३ मध्ये एक फेलोशिप घेऊनच देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरले होते, त्यामुळं या पैशाचा उपयोग काय असतो ते त्यांना कोणी सांगायची गरज नाही. नॅशनल फाउंडेशन फॉर इंडियाची मीडिया फेलोशिप नव्वदच्या दशकापासूनची आहे. आरोग्याच्या अंगानं मांडलं तर ठाकूर फॅमिली फाउंडेशन, पर्यावरणाच्या अंगानं अर्थ जर्नलिझम नेटवर्क, आणि मोठ्या शोधकामाला पुलित्झर सेंटर. प्रत्येकाच्या अटी आणि तारखा बदलत राहतात, ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम नेटवर्कच्या साईटवर अनुदानांची यादी असते ती अधूनमधून पाहत जा. बाहेरच्यांचा अर्ज इंग्रजीतच लागतो, पण त्यात भाषेची नक्षी नको असते, साधी वाक्यं चालतात.

रक्कम लहान असली तरी नाही म्हणू नका. १९६९ मध्ये अमेरिकेत फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम नावाची संस्था सुरू झाली, तिनं सेमूर हर्श नावाच्या एका फ्रीलान्स पत्रकाराला आधी २५० डॉलर दिले आणि नंतर २,००० डॉलर, आणि त्यातून अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये केलेलं माय लाय हत्याकांड जगासमोर आलं. प्रवासाच्या खर्चाचे, माणसं शोधायचे पैसे होते ते. (ती संस्था अजून आहे, पण तिला अमेरिकेशी संबंधित विषय लागतो, आपल्या कामाची नाही.)

आता बजेट. आपल्याकडचे पत्रकार इथंच लाजतात आणि फक्त पेट्रोल लिहितात. गाडी, पेट्रोल, झेरॉक्स, लॅबची फी, कोलामी बोलणाऱ्या माणसाचं मानधन हे सगळं लिहाच, पण त्याच्या वर तुमचं स्वतःचं महिन्याचं मानधन वेगळ्या ओळीत लिहा. काही ठिकाणी वेळेचे पैसे पेपर देईल असं गृहीत धरतात आणि फक्त प्रवासाचा खर्च देतात, तिथं स्पष्ट लिहायचं की मला कोणाचा पगार नाही. तुम्ही जाहिराती सोडल्या ते कारण तुमच्या अर्जात आलंच पाहिजे, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

चंद्रपूर_सीए:
विदेशी पैशाबद्दल. एफसीआरए, म्हणजे विदेशातून पैसा घेण्याबद्दलचा कायदा, २०१० चा. त्याच्या कलम ३ मध्ये नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक यांना विदेशी अंशदान घ्यायला बंदी आहे, टीव्ही आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमवाल्यांनाही. कलम ४ मध्ये कामाच्या मोबदल्याला सूट आहे. म्हणून बाहेरची संस्था तुम्हाला अमुक लेखांचा मोबदला देऊन राहिली की तसंच अनुदान, हे करारातून दिसलं पाहिजे, आणि सही करायच्या आधी करार घेऊन एखाद्या जाणकार सीएकडं जा, पैसे खात्यात आल्यावर नाही. भारतातली संस्था असली तरी विचारा की पैसा देशातला आहे का, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशातून आलेला पैसा दुसऱ्या कोणाला वळता करता येत नाही. पहिला अर्ज तरी देशी पैशावाल्या संस्थेकडंच करा असा माझा सल्ला. आणि रिटर्न भरा, हे उत्पन्नच आहे.

पैनगंगेकाठचा:
सगळं बरोबर आहे पण मले एक सांगाचं आहे. फेलोशिप सहा महिन्यांत संपते, आपण तिथंच राहतो. त्याच बसस्टँडवर चहा पेतो जिथं तो ठेकेदार पेतो. म्हणून बातमी कोण छापणार ते आधी पक्कं करा, संपादकाचं पत्र घ्या, बऱ्याच संस्था तसंही मागतात. नाहीतर पैसे भेटतात, काम होते आणि छापाच्या वेळी पेपर हात वर करते. आपल्या राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तो माहीत असू द्या, पण त्याच्या भरवशावर एकटं फिरू नका.

दुसरं म्हणजे मोठ्या शहरातला पत्रकार येते, आपल्याला सोबत घेते, आपलीच माणसं, आपलेच कागद, आन् छापून आल्यावर आपलं नाव नाही. हे आमच्याकडं लय झालं. जोडीनं काम करा, जरूर करा, इंग्रजीचा प्रश्नही सुटते, पण दोघांचं नाव लागन आणि पैसे कसे वाटाचे हे पहिल्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्या. तोंडी नाही.

सीमेवरचा_बातमीदार:
सगळ्यांचे आभार. अवलोकनाचा अर्ज टाकतो, पारीला मराठीतच लिहितो आणि बजेटमध्ये माझं मानधन लिहितो. एक राहिलं, पाण्याचे नमुने मी स्वतः घेतले तर चालतात का? नंतर कोणी म्हणन का हे पाणी कुठलंही आहे.

वर्धा_रोड:
चालतात, पण रीतसर घ्या. काचेची बाटली नको, फ्लोराईडसाठी स्वच्छ प्लास्टिकचीच, त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरायची. बाटलीवर गाव, बोरिंगची जागा, तारीख, वेळ. तिथंच दोन गावकऱ्यांच्या सह्या घ्या आणि लोकेशनसकट फोटो काढा. एक बाटली जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत द्या, दुसरी मान्यताप्राप्त खाजगी लॅबमध्ये, दोन्हीकडच्या पावत्या जपा. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर आलं तर ते पिण्याच्या मर्यादेच्या बाहेर. आणि पाऊस पडायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्या, आकडा बदलते, नाहीतर विभागवाले तुम्हाला तिथंच पकडतील.