पुण्यातली नोकरी ठेवून पोर्तुगालचा डी-८ व्हिसा: पगार, कंपनीचं पत्र, पीएफ, टॅक्स

बावधनकर

नमस्कार. बाणेरच्या एका भारतीय प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये कायम नोकरी आहे. कंपनीचं परदेशात ऑफिस नाही. मॅनेजर तोंडी म्हणालेत, "काम वेळेवर होतंय ना, मग कुठूनही कर." त्या भरवशावर पोर्तुगालच्या डी-८ व्हिसाला (बाहेरच्या कंपनीचं काम तिथे राहून ऑनलाइन करणाऱ्यांचा व्हिसा) अर्ज करायचा विचार चाललाय. पगार ग्रॉस ४ लाख १० हजार, टीडीएस-पीएफ जाऊन हातात ३ लाखांच्या आसपास. पत्नी सोबत येणार, तिची सध्या नोकरी नाही, मूल नाही.

एवढ्या पगारात बसतं का? कंपनीकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? पीएफ आणि टॅक्स इथेच चालू ठेवता येतो का? आणि स्पेन सोपं पडतं म्हणतात, ते खरं का? एजंटला विचारलं की "होऊन जाईल" एवढंच उत्तर मिळतं.

नळस्टॉप

आधी आकडा. डी-८ला मागच्या तीन महिन्यांचं सरासरी मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावं लागतं. २०२५मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, २०२६साठी ते ९२० झालं. म्हणजे आता ३,६८० युरो. युरो १०० रुपये धरला तरी ३ लाख ६८ हजार. तुमचा ग्रॉस यात बसतो, हातातला पगार बसत नाही, आणि गोची इथेच आहे. फाईल बघणारा सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून बघतो. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला ३ लाखच जमा दिसले, तर मधले लाखभर कुठे गेले हे कागदावर दिसायला हवं. त्यासाठी स्लिपवर टीडीएस आणि पीएफ वेगवेगळ्या ओळींत हवेत, सोबत फॉर्म १६ जोडा, आणि कंपनीच्या पत्रात ग्रॉस पगार स्पष्ट लिहून घ्या. रुपया घसरला की तोच पगार युरोत कमी भरतो, त्यामुळे ग्रॉसमध्येही दहा टक्के तरी फरक ठेवा. तुमच्याकडे तेवढा जेमतेम आहे. वर्षाची पगारवाढ जवळ आली असेल तर ती पडून तीन स्लिपा हातात येईपर्यंत थांबलेलं बरं.

शिल्लकही दाखवावी लागते. हिशेब साधारण बारा महिन्यांच्या किमान वेतनाचा, म्हणजे ११,०४० युरो. पत्नीसाठी त्याच्या निम्मे धरतात, आणखी ५,५२०. ही रक्कम खात्यात मुरलेली हवी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून आलेले पाच लाख लगेच डोळ्यांत भरतात.

आता कागद. पीसीसीचा (पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्याचा) अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर, फी ५०० रुपये, अपॉइंटमेंट बहुधा मुंढव्याच्या केंद्रात मिळते. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणी आधीच्या पत्त्यावर फिरत राहते, म्हणून पत्ता आधी बदलून घ्या. पीसीसी फार लवकर काढू नका, जुनी झाली की परत काढायला लावतात. तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन लागतं. लग्नाच्या दाखल्याला मात्र आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि मग अपोस्टिल अशा दोन पायऱ्या आहेत, त्याला वेळ लागतो, ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

सगळ्यात जास्त फाईली नावांवर अडकतात. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात "अमोल सुधीर" आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, सॅलरी स्लिपवर "अमोल एस. कुलकर्णी", बँकेत "कुलकर्णी अमोल सुधीर". आपल्याला हा एकच माणूस दिसतो, लिस्बनच्या टेबलावर तीन दिसतात. बँक आणि एचआर हे दोन्ही पासपोर्टप्रमाणे करून घ्या, दोन्ही ठिकाणी साध्या अर्जावर काम होतं. पत्नीचं त्याहून महत्त्वाचं: लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा निदान नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडा.

अजून एक कागद एजंट सहसा सांगत नाहीत. डी-८च्या यादीत टॅक्स रेसिडेन्सीचा, म्हणजे करासाठी तुम्ही कुठल्या देशाचे रहिवासी आहात याचा पुरावा आहे. पॅन कार्ड किंवा रिटर्नची पोच म्हणजे तो पुरावा नव्हे. आपल्या असेसिंग ऑफिसरकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट घ्यावं लागतं. जुन्या कायद्याखाली फॉर्म १०एफए भरला की १०एफबी मिळायचा. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, तेव्हा फॉर्मचा चालू क्रमांक पोर्टलवर बघूनच भरा. आधीच्या वर्षांची रिटर्न्स आणि पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती सोबत न्या, भारतात किती दिवस होतात ते त्यावरूनच मोजतात.

कर्वेनगर_एचआर

मॅनेजरचं तोंडी "कुठूनही कर" याला इथे काही किंमत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत रिमोट म्हणजे भारतातून रिमोट असंच लिहिलेलं असतं. पत्र लेटरहेडवर, सही करायचा अधिकार असलेल्या माणसाचं हवं आणि त्यात एवढं यायलाच हवं: रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, नोकरी कायम असल्याचं, वार्षिक आणि मासिक ग्रॉस पगार, काम पूर्णपणे ऑनलाइन होतं हे, आणि "पोर्तुगालमधून काम करण्यास कंपनीची परवानगी आहे" हे वाक्य देशाचं नाव घालून. "परदेशातून" एवढंच लिहिलं तर परत पाठवतात. खाली कंपनीचा सीआयएन (नोंदणी क्रमांक), पत्ता, फोन आणि कंपनीच्या डोमेनचा ईमेल. दूतावासातून फोन आला तर उचलणाऱ्या माणसाला हे पत्र माहीत असलं पाहिजे. हे सांगायचं राहून जातं आणि रिसेप्शनवरून "असं काही आमच्याकडे नसतं" म्हणून उत्तर जातं.

कंपनी पत्र द्यायला कचरते त्यामागे दोन खरी कारणं असतात, ती समजून घेऊन बोला. पहिलं, क्लायंटबरोबरचा करार. अनेक करारांत डेटा कोणत्या देशातून बघता येईल ते नावानिशी लिहिलेलं असतं. तुम्ही लिस्बनहून व्हीपीएननं बाणेरच्या सर्व्हरवर आलात तरी तो प्रवेश पोर्तुगालमधूनच धरला जातो. तुमचा प्रोजेक्ट अशा कराराखाली असेल तर मॅनेजरच्या हातात काहीच नाही, लीगलची लेखी मंजुरी लागेल. दुसरं, पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट. तुम्ही तिकडे बसून कंपनीच्या वतीनं करार ठरवत असाल किंवा विक्री करत असाल, तर कंपनीचाच पोर्तुगालमध्ये धंदा आहे असं तिथलं कर खातं म्हणू शकतं. निव्वळ कोडिंगच्या भूमिकेत हा धोका कमी असतो. म्हणून "कर्मचाऱ्याला कंपनीच्या वतीनं करार करण्याचा अधिकार नाही" असं वाक्य पत्रात स्वतःहून सुचवा. एचआरला तेवढा आधार पुरतो.

सदाशिव_सीए

टॅक्सवर सविस्तर लिहितो, कारण "पगार इथेच जमा होतो, टीडीएस इथेच कापला जातो, म्हणजे झालं" हा समज फार महागात पडतो.

पोर्तुगालमध्ये बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात, किंवा कायमचं घर वाटावं अशी राहती जागा घेतलीत, की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट. तिथे बसून केलेल्या कामाचा पगार तिथे करपात्र, पैसे कुठल्याही खात्यात येवोत. वरचा स्लॅब ४८ टक्के आहे. एनएचआर नावाची जुनी सवलत २०२४पासून नव्या लोकांना बंद झाली. जुने व्हिडिओ बघून तिच्यावर हिशेब मांडू नका.

भारतात त्या वर्षी तुम्ही रेसिडेंट आहात का, हे दिवसांवर ठरतं. आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की रेसिडेंट. १ एप्रिलपासून सलग भारतात असाल तर २९ सप्टेंबरला १८२ भरतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला ६० दिवसांच्या दुसऱ्या कसोटीतून (वर्षात ६० आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी रेसिडेंट) सूट आहे, पण भारतीय कंपनीचीच नोकरी तिकडून करणं त्यात बसतं का, यावर वाद घालायला जागा आहे. सप्टेंबरच्या काठावर तारीख ठेवून तो वाद ओढवून घेऊ नका. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्येच निघा.

नॉन-रेसिडेंट झाल्यावरही एक अडचण राहते. पगार भारतातल्या खात्यात मिळाला की "भारतात प्राप्त झालेलं उत्पन्न" म्हणून इथे कर मागितला जातो, आणि काम पोर्तुगालमध्ये केलं म्हणून तिथेही. सुटका दुहेरी कर टाळण्याच्या करारातून होते. त्यासाठी पोर्तुगालचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट लागतं, आणि ते तिथे गेल्यावरच मिळतं. तोवर कंपनी टीडीएस कापत राहील, तो रिटर्न भरून परत मागायचा. तिथलं रिटर्न १ एप्रिल ते ३० जून, वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. मधले काही महिने दोन्हीकडचा पैसा अडकतो. भारतीय कंपनी तिथला कर कापत नाही, त्यामुळे तिथलं बिल एकदम येतं. दर महिन्याचा एक हिस्सा युरोत बाजूला ठेवा.

पीएफ: भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७मध्ये लागू झाला. ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला) मिळालं तर पीएफ इथे चालू राहतो आणि तिथली वर्गणी लागत नाही. मात्र हे सर्टिफिकेट कंपनीनं पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी आहे, अर्ज कंपनीमार्फतच जातो. म्हणजे "कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून" असा सूर असलेलं पत्र इथे नडू शकतं. दोन्ही कागदांची भाषा एकमेकांशी जुळवून घ्या.

बँकेत रेसिडेंट बचत खातं तसंच वापरत राहणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या विरोधात जातं. अनिश्चित काळासाठी गेलात की ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं.

बावधनकर

खूप आभार, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. मग नोकरी सोडून त्याच कंपनीचा कन्सल्टंट झालो तर हे सोपं होईल का? आणि पत्नीबद्दल?

सदाशिव_सीए

कंपनीची पीएफची कटकट जाते, तुमची वाढते. पीएफ आणि पुढची ग्रॅच्युइटी थांबते, पोर्तुगालमध्ये स्वतःची सामाजिक सुरक्षा वर्गणी भरावी लागते, आणि परदेशातून सेवा घेतली म्हणून कंपनीला रिव्हर्स चार्जनं, म्हणजे सेवा घेणाऱ्यानंच, जीएसटी भरावा लागतो. शिवाय व्हिसाच्या अर्जात तीन महिन्यांची इन्व्हॉइस आणि जमा रकमा दाखवायच्या असतात, म्हणजे बदल आजच केला तरी अर्ज तिमाही उलटल्यावरच. नोकरीवर राहूनच अर्ज करा.

नळस्टॉप

पत्नीचं नीट वाचा, कारण इथे नियम बदललाय. ऑक्टोबर २०२५मध्ये पोर्तुगालचा परदेशी नागरिकांचा कायदा कडक झाला. कुटुंबाला बोलवायच्या अर्जासाठी आता सर्वसाधारणपणे आधी दोन वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं. अल्पवयीन मुलं असतील तर सूट आहे, तुम्हाला मूल नाही. लग्नाआधीपासून किंवा नंतर बराच काळ एकत्र राहत असल्याचा पुरावा असेल तर मुदत कमी होऊ शकते, म्हणून दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा एकाच पत्त्याची आधार कार्डं जपून ठेवा. तिला स्वतःचं रिमोट काम मिळून ती उत्पन्नाच्या अटीत बसली, तर तिचा स्वतंत्र डी-८ हा सरळ रस्ता आहे. तोवर ती टुरिस्ट व्हिसावर येऊन-जाऊन राहू शकते, पण शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस.

घराचा पुरावा बारा महिन्यांचा हवा. त्याआधी निफ, म्हणजे तिथला कर क्रमांक काढून घ्या. घरमालकाला करार तिथल्या कर खात्यात नोंदवायला सांगा. नोंदवायला नकार देणाऱ्याला इथून डिपॉझिट पाठवू नका. व्हिसा चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा असतो. त्या मुदतीत एआयएमएकडे (तिथल्या स्थलांतर खात्याकडे) जाऊन राहण्याचं परमिट घ्यायचं, ते दोन वर्षांचं मिळतं.

कर्वेनगर_एचआर

स्पेनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. उत्पन्नाची अट तिथे किमान वेतनाच्या दुप्पट आहे, पत्नीसाठी किमान वेतनाच्या आणखी ७५ टक्के, आणि ती सुरुवातीपासून सोबत अर्ज करू शकते. कंपनी किमान एक वर्ष चालू असलेली आणि तिच्याशी तुमचं नोकरीचं नातं किमान तीन महिन्यांचं हवं. यातलं बहुतेक तुम्हाला जमण्यासारखं आहे, उत्पन्नाचा हिशेब मात्र युरोच्या चालू दरानं करून बघा. अडतं ते सामाजिक सुरक्षेवर. स्पेनशी आपला तसा करार लागू नाही, म्हणून ईपीएफओचं सर्टिफिकेट चालत नाही. कंपनीला स्पेनच्या सामाजिक सुरक्षेत नोंदणी करून तिथली वर्गणी भरावी लागते, आणि परदेशात ऑफिस नसलेली पुण्यातली कंपनी त्याला क्वचितच तयार होते. नोकरदारासाठी पोर्तुगाल, कन्सल्टंटसाठी स्पेन अशी विभागणी साधारण बरोबर ठरते. तुमच्या बाबतीत पत्नीचा मुद्दा मोठा आहे, त्यामुळे एचआरला दोन्ही देशांचं एकदमच विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा.