मदत हवी आहे: गाव आणि वजन, दोन्ही बघून भाड्याचा दर कसा काढायचा?

मंडळी, एक्सेलचा प्रश्न आहे, २०१६ची आवृत्ती.

मार्केट यार्डात आमचे दोन टेम्पो आहेत. गुलटेकडीहून माल भरायचा आणि नऱ्हे, वाघोली, चाकण, मंचर अशा २३ ठिकाणी पोचवायचा. बाबांचं दरपत्रक इतकी वर्षं पुठ्ठ्यावर होतं. डावीकडे गावं, वरच्या ओळीत वजनं. एक बोट गावावरून आडवं न्यायचं, दुसरं वजनावरून खाली, दोन्ही जिथे भेटतील तो दर. शीटमध्ये मला नेमकं हेच हवंय.

आधी व्हीलूकअप (गाव शोधून त्याच ओळीतला दर आणणारं फंक्शन) वापरत होते, कॉलमचा नंबर हाताने घालून. मध्ये ७५० किलोचा नवा कॉलम घुसवला आणि त्यापुढचे सगळे दर एका घराने सरकले. दोन दिवस बिलं चुकीची गेली, गिऱ्हाइकांना फोन करून दुरुस्त करावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, पण पुठ्ठा परत टेबलावर आला. म्हणून हे नीट जमवायचंच आहे.

आता गावं ए२ ते ए२४, वजनं बी१ ते जी१ (१००, २५०, ५००, ७५०, १०००, १५००). गाव जे२ मध्ये, वजन के२ मध्ये टाकते. फॉर्म्युला इथे देवनागरीत लिहिते (मॅच ओळ आणि कॉलम शोधतो, इंडेक्स तिथला दर आणतो):

=इंडेक्स(बी२:जी२४, मॅच(जे२, ए२:ए२४, ०), मॅच(के२, बी१:जी१, १))

अडचणी दोन. ६४० किलोला ७५०चा दर लागायला हवा, येतो ५००चा. शेवटी १च्या जागी -१ टाकलं तर #एन/ए, म्हणजे ‘सापडत नाही’. आणि नऱ्हे टाकलं की वजन काहीही असो, #एन/ए हेच येतं. गाव यादीत डोळ्यांसमोर दिसतंय! जादा रिकाम्या जागा काढणारं ट्रिम लावून पाहिलं, फरक नाही.

प्रतिसाद

इंडेक्स-मॅच बरोबर आहे, तेच ठेवा. मॅचमध्ये १ दिलं की तो दिलेल्या वजनाइतका किंवा त्याहून लहान असा सगळ्यात मोठा आकडा धरतो, म्हणून ५००. -१ वरचा आकडा धरतो खरा, पण त्याला आकडे उतरत्या क्रमाने लागतात आणि तुमचे चढत्या आहेत. अख्खं दरपत्रक उलटं करण्यापेक्षा दुसऱ्या मॅचच्या जागी हे घाला:

काउंटिफ(बी१:जी१, "<"&के२)+१

६४०पेक्षा लहान आकडे तीन, अधिक एक म्हणजे चौथा कॉलम, ७५०. बरोबर ५०० किलो असेल तर ५००च येईल. ६० किलोच्या पार्सललाही पहिला कॉलम मिळेल, तुमच्या फॉर्म्युल्यात तिथे #एन/ए आलं असतं. नव्या आवृत्त्यांतलं शोधायचं फंक्शन एक्सलूकअप २०१६मध्ये नाही, तेव्हा ते शोधत बसू नका.

नऱ्हेचं दुखणं टायपिंगचं असावं. यादीतलं नऱ्हे आणि जे२ मधलं नऱ्हे, दोन्हींची लांबी लेन लावून बघा.

धागाकर्ती

बघितली! यादीत ६, जे२ मध्ये ५. यादी भावाने त्याच्या कीबोर्डवर टाइप केली होती, त्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह होतं. माझ्या कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तीन दिवस मी रिकामी जागाच शोधत होते. गोऱ्हे बुद्रुकलाही हेच निघालं.

आता जे२ला डेटा व्हॅलिडेशनने ए२:ए२४ची यादीच जोडली आहे, म्हणजे गाव टाइप करायलाच नको, निवडायचं. काउंटिफही बसलं. बाबांनी पुठ्ठा हातात धरून बारा दर तपासले, बाराही जुळले. मनापासून आभार.

१५००च्या वर वजन टाकलं की #रेफ (असा कॉलमच नाही, अशी चूक) येतं, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. त्या मालाचा दर बाबा फोनवर बोलूनच ठरवतात.