घर दवाखान्यासारखं दिसतंय, लायटिंग कसं करू?

धायरीवाला: नमस्कार मंडळी, पुण्यात धायरीत रो हाऊस घेतलंय, नुकतेच राहायला आलो. बिल्डरने सगळीकडे पांढऱ्याफेक ट्यूब आणि पोर्चवर गेटकडे तोंड करून ५० वॅटचा फ्लडलाइट लावून दिलाय. संध्याकाळी हॉलमध्ये बसलो की बायको विचारते, आपला नंबर कधी लागणार? पाहुणे डोळ्यांवर हात धरून गेट उघडतात, समोरच्या काकांच्या बेडरूममध्ये उजेड जातो म्हणून ते बोलायचे बंद झालेत. आई ७२ वर्षांची, तिला पायऱ्या दिसायला हव्यात. अंगणात तुळस आणि एक चाफा आहे. इंटिरियरवाल्याने हॉलच्या छताला १६ स्पॉट (छोटे दिवे) सांगितलेत, जास्त नाही का होत?

जुना_कोथरूडकर: १६? हॉल आहे का सराफाचं दुकान! तुमच्या ट्यूब ६५०० केल्विनच्या असणार, खोक्यावर बघा. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा. हॉल-बेडरूमला २७०० किंवा ३००० घ्या, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलाला ४००० चालेल, पण एकाच खोलीत दोन रंग नकोत, फार विचित्र दिसतं. वॅट बघू नका, लुमेन म्हणजे उजेड किती पडतो ते बघा, साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. आणि सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या पुढचा मिळाला तर घ्याच, नाहीतर पोळी भाजली की करपली ते ताटात आल्यावरच कळतं.

तारवाला: बाहेरचं मी सांगतो, हाच धंदा आहे. फ्लड आधी काढा. गेटच्या दोन्ही खांबांवर खाली उजेड पाडणारे छोटे वॉल लाइट बसवा, दिवा दिसता कामा नये, फक्त उजेड दिसला पाहिजे, काका पण बोलायला लागतील. पायऱ्यांना बाजूच्या भिंतीत फुटलाइट. चाफ्याला बुंध्याशी एक स्पाइक लाइट (मातीत खोचायचा दिवा) पुरे, तुळशीपाशी दिवा लावताच ना, तिथे अजून काही नको. सगळं आयपी६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारं घ्या आणि जॉइंट उघडे ठेवू नका, पहिल्याच वळवाला ट्रिप होतं. अर्थिंग तपासा, ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघा, यात काटकसर नको. पिवळ्या उजेडाला किडेही कमी येतात. हालचाल झाली की दिवा लावणारा सेन्सर मात्र पोर्चलाच, गेटवर लावलात तर गल्लीतली कुत्री रात्रभर दिवाळी करतील.

धायरीवाला: धन्यवाद! काल ट्यूब बंद करून कोपऱ्यात एक पिवळा बल्ब लावून बघितला. आई आतून ओरडली, लाइट गेले का रे?

मीनाताई: बरोबरच आहे तिचं. पिवळा म्हणजे अंधुक नव्हे, वय वाढलं की वाचायला जास्त उजेड लागतो आणि डोळ्यांत थेट आलेला दिवा जास्त खुपतो. माझ्या सासूबाईंच्या खुर्चीमागे खांद्यावरून उजेड येईल असा स्टँडचा दिवा ठेवलाय, पेपर, निवडणं-टिपणं सगळं तिथेच चालतं. बेडरूम ते बाथरूम जमिनीलगत नाइट लॅम्प हवाच. जिन्याला वरून-खालून दोन्हीकडून चालणारा टू-वे स्विच नसेल तर तो आधी करा, चाफा थांबेल.

धायरीवाला: टू-वे नाहीये, बिल्डरने वरच एक बटण दिलंय 🤦 शनिवारी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात जातोय, आईच्या दिव्यापासून सुरुवात. १६ स्पॉट कॅन्सल.