मदत हवी आहे: वेगवेगळ्या काळातल्या वाइड रिसीव्हरांची तुलना कोणत्या भाजकाने करावी?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या रिसीव्हरांच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूंच्या) सर्वोत्तम मोसमांचा तक्ता एक्सेलमध्ये करतोय. फक्त नियमित मोसम, फक्त पास झेलून केलेले टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये पोचवणं). धावून केलेले आणि प्लेऑफचे (मोसमानंतरच्या बाद फेरीचे) धरलेले नाहीत.

अडचण सामन्यांच्या संख्येची. डॉन हटसन, 1942: 11 सामन्यांत 1211 यार्ड, 17 टचडाउन. जेरी राइस, 1987: 12 सामन्यांत 22 टचडाउन. रँडी मॉस, 2007: 16 सामन्यांत 23. 2021 पासून तर मोसमच 17 सामन्यांचा झालाय.

प्रति सामना सरासरी काढून झाली. राइस 1.83, हटसन 1.55, मॉस 1.44. यार्डांतही कॅल्विन जॉन्सन (2012, 1964 यार्ड) 122.8 वर, तर कूपर कप (2021, 1947 यार्ड) 114.5 वर येतो. पण हटसनच्या काळी पासच कमी टाकले जायचे, ते यात दिसत नाही आणि त्याच्यावर सरळ अन्याय होतो. टार्गेटने (खेळाडूच्या दिशेने टाकलेल्या पासांच्या संख्येने) भागावं तर 1942 मध्ये टार्गेट मोजतच नव्हते.

म्हणून संघाने टाकलेल्या एकूण पासांनी भागायचं ठरवलं, तर 1987 आडवं आलं. त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे एक आठवडा रद्द झाला आणि तीन सामने बदली खेळाडूंनी खेळले. राइस त्यांत नव्हता, पण संघाच्या बेरजेत ते आहेत.

सशुल्क डेटा परवडणारा नाही. मग राइससाठी ते तीन सामने वगळून त्याच्या 12 सामन्यांतलेच पास धरावेत, की सगळ्यांनाच त्या-त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीशी ताडावं?