दोन सेकंदांची रेषा पुसायची का?

खगोलवेडा
गॅमा किरण स्फोटांची (जीआरबी) वाटणी अजून तशीच शिकवतात: दोन सेकंदांच्या आत संपला तर लघु, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, जास्त चालला तर दीर्घ, म्हणजे जड ताऱ्याचा अंत. १९९३ साली बॅट्सी या उपग्रहावरच्या उपकरणाच्या नोंदींवरून ही रेषा ठरली. माझ्या मते तिचं काम संपलं. ११ डिसेंबर २०२१चा जीआरबी २११२११ए घ्या. जवळजवळ ५० सेकंद चालला, आणि मागे दिसला तो किलोनोव्हा, टकरीतून उडालेल्या द्रव्याची झळाळी! म्हणजे टक्करच. उलट जीआरबी २००८२६ए जेमतेम सेकंदभराचा, आणि त्याच्यामागे सुपरनोव्हा, म्हणजे जड तारा फुटलेला. आता बोला.

रात्रपाळी
दोन उदाहरणांवर नियम मोडीत काढता? बॅट्सीने नऊ वर्षांत २७०४ स्फोट टिपले. त्यांच्या कालावधीचा आलेख काढा, दोन उंचवटे आणि मधे दरी सरळ दिसते. शिवाय स्फोटामागची झळाळी विझण्याआधी तिकडे दुर्बीण वळवायची की नाही हे घाईत ठरवायचं असतं. तेव्हा हातात दुसरं असतं काय?

खगोलवेडा
प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, असतो की! २११२११एमध्ये पहिली तेरा-एक सेकंद टोकदार शिखरांची नुसती गर्दी आहे, त्यानंतर कमी ऊर्जेची लांबलचक शेपटी. लॅग, म्हणजे कमी ऊर्जेचे फोटॉन मागाहून पोचण्यातला उशीर, जवळपास शून्य. ही लघु स्फोटांची खूण. एकूण लांबी मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आकडेमोड
मुळात कालावधी म्हणजे काय हेच बघा ना. टी-९० म्हणजे एकूण फोटॉनांपैकी ५ टक्के आल्यापासून ९५ टक्के येईपर्यंतचा वेळ. तोच स्फोट दूर नेला तर विश्वाच्या प्रसरणाने वेळ ताणला जातो, पण मंद शेपटी पार्श्वभूमीत, म्हणजे उपकरणात सतत होणाऱ्या इतर नोंदींच्या गोंगाटात, बुडते आणि कालावधी उलट कमी भरू शकतो. स्विफ्ट आणि फर्मी या उपग्रहांचे ऊर्जापट्टे वेगळे, म्हणून एकाच स्फोटाचे आकडेही वेगळे. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाची विदा पुण्यात आयुका या खगोलसंस्थेत हाताळतात. तिथेही कक्षेनुसार पार्श्वभूमी वरखाली होते, ती वजा कशी केली यावर टी-९० हलतो. दोन सेकंद ही काय दगडावरची रेघ आहे का राव?

रात्रपाळी
आकडेमोड, हे मान्य. पण लॅग तरी कुठे फुकट मिळतो? तो काढायला फोटॉन भरपूर लागतात. २११२११ए प्रखर होता म्हणून जमलं. मंद स्फोटात त्रुटीची पट्टीच लॅगपेक्षा मोठी येते. अशांची संख्याच जास्त, त्यांचं काय करायचं?

खगोलवेडा
मग लघु-दीर्घ शिक्का न मारता शक्यता लिहा. ‘टक्कर असण्याची शक्यता अमुक टक्के’.

रात्रपाळी
लिहा की. पण शक्यता निम्मी-निम्मी आली तर दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीला काय सांगणार, अर्धीच दुर्बीण वळवा?